‘मी सोडलं तर रविवारी माईक कोण लावणार?’

पत्राचा गोषवारा: अडतीस वर्षांचे एक बंधू जिल्ह्याच्या गावाहून लिहितात. जुन्या दगडी चर्चमधली मराठी मंडळी, रविवारी अडीचशेच्या आसपास माणसं. ते कंपनीत मेंटेनन्सला आहेत आणि गेली नऊ वर्षं चर्चचा साउंड बघतात. 2020च्या लॉकडाउनमध्ये उपासना लाइव्ह दाखवायला सुरुवात झाली तेव्हा तरुण संघातली सात मुलं हौसेनं मदतीला आली होती. आज दोन उरलीत, त्यांतला एक महिन्यातून एकदा उगवतो. साउंड, प्रोजेक्टर, लाइव्ह, सगळं यांच्याच अंगावर. उपासना संपली की एक जण येऊन ‘मागं काही कळलं नाही’ म्हणतो, दुसरा ‘आवाज फार होता’ म्हणतो. परवा सात वर्षांची मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही चर्चला येता, पण आमच्याजवळ कधीच बसत नाही.’ त्यांचे प्रश्न: आजच्या मुलांत सेवेची निष्ठाच नाही, त्यांना टिकवायचं कसं? डिजिटल मिक्सर (सगळ्या माईकचे आवाज एकत्र आणून कमी-जास्त करायचं यंत्र) आणि चांगला कॅमेरा घेतला तर मुलं परत येतील का? की नाताळ झाला की सरळ सोडून द्यावं? पण मग रविवारी माईक कोण लावणार?

प्रिय बंधू,

सलाम.

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात वायरी, चॅनेल, इंटरनेट यांबद्दल पुष्कळ आहे, पण मी थांबले ती तुमच्या मुलीच्या वाक्यापाशी. तिनं तक्रार केलेली नाही, तिला दिसतं ते सांगितलंय. नऊ वर्षांत तुम्ही एकही उपदेश चुकवला नाहीत आणि बहुधा एकही धड ऐकलाही नाहीत. पाळकसाहेब बोलत असताना तुमचा जीव त्यांच्या माईकच्या खरखरीत अडकलेला असतो. हे मला ठाऊक आहे, कारण मीही बारा वर्षं साउंडच्या त्या टेबलामागे काढली आहेत. तुमचं दमणं खरं आहे. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका.

‘मुलांत निष्ठा नाही’ हे मात्र मला पटत नाही. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय: ‘मिक्सरला मी सहसा कुणाला हात लावू देत नाही, एकदा सेटिंग बिघडलं की उपासनेचा विचका होतो.’ मग त्या सात जणांनी तिथं केलं काय? वायरी ओढल्या, स्टँड उचलले, उपासनेनंतर सगळं गुंडाळून पेटीत भरलं. वर्ष-दीड वर्ष हेच. सतरा-अठरा वर्षांचं पोर काही शिकायला आलेलं असतं. हमालीच करायची तर ते एक दिवस येईनासं होतं, आणि आपण म्हणतो निष्ठा नाही.

दुसरंही एक कारण असावं. तुमच्या पत्रात ते नाही, पण जवळजवळ प्रत्येक मंडळीत मी पाहिलंय. माईकनं शिट्टी मारली की काय होतं? पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्या माना एकदम वळतात. एखादे वडीलधारे हातानंच खूण करतात, ‘अरे, कमी कर!’ तुम्हाला सवय झाली आहे. पण त्या टेबलामागे पहिल्यांदा बसलेल्या मुलाला तीन सेकंदांत अडीचशे माणसं आपल्याकडे बघताना दिसतात, त्यांत त्याचे आईवडील असतात, संडे स्कूलच्या बाई असतात. मुलगा पुढच्या रविवारी ‘क्लास आहे’ सांगतो.

मी टिकले ती एका माणसामुळे. शुभ शुक्रवारची तीन तासांची उपासना होती, ‘सात शब्दांची’, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची. मी नवीन होते. चौथ्या शब्दावर बोलणारे पाहुणे मनन सांगता सांगता एकदम मुके झाले. कॉर्डलेस माईकचा सेल संपला होता आणि मी तो सकाळी बदललाच नव्हता. चर्च गच्च भरलेलं, नेमकं ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वचन, आणि माझे हात बर्फ. आमच्याकडे साउंड बघणारे काका शेजारी बसले होते. ते उठले, वायरचा माईक नेऊन पाहुण्यांच्या हातात दिला, परत आले आणि माझ्यासमोर त्या माईकच्या चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायची सरकपट्टी, दाखवून म्हणाले, ‘आता तू वर घे. हळू.’ मी घेतला. त्या दिवशी ते एवढंच बोलले. उपासनेनंतर दोन-तीन जण विचारायला आले तेव्हा ‘आमच्याकडून राहिलं’ म्हणाले. आमच्याकडून! मंगळवारी मला बोलावून त्यांनी बिस्किटाचा एक रिकामा डबा दिला. त्यात सेल होते आणि प्रत्येकावर मार्करनं तारीख. ‘घातला त्या दिवशीची तारीख टाकायची. भरवसा आपल्या आठवणीवर नाही, तारखेवर.’ पुढची बारा वर्षं मी त्या डब्यावर चालवली.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच गोष्टीत आहे. तुम्ही नऊ वर्षं आवाज सांभाळलात, आता माणसं सांभाळायला लागा. बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात बसालेलाची गोष्ट आहे. निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूचं, सोनं, रुपं, लाकूड, कापड यांचं काम करण्यासाठी देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरलं. हे आपण उपदेशात ऐकलेलं असतं. पण 35व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. कारागिरी आणि शिकवणं, दोन्ही एकाच दानात. तुमच्या वाट्याला आलेल्या दानाचा दुसरा भाग अजून वापरलेलाच नाही, असं मी म्हटलं तर रागावू नका.

आता हे करायचं कसं? या शनिवारी क्वायरच्या सरावाला जाताना पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन जा. मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलखाली पट्टी लावून मराठीत नाव लिहा: पाळक, वाचन, पेटी, तबला, कीबोर्ड, क्वायर डावीकडे, क्वायर उजवीकडे. फेडर रविवारी साधारण जिथं असतो तिथं बारीक रेघ मारा. न वापरायच्या बटणांवरही पट्टी चिकटवा. तुमच्या बोटांना सगळं पाठ आहे, म्हणूनच ते कुठं लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून दुसऱ्या कुणाला येत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला हे मी काय सांगावं! कंपनीत मशिनवर चेकलिस्ट लावल्याशिवाय तुम्ही शिफ्ट ताब्यात देत नसाल.

शिकवायचा दिवस शनिवार, रविवार नव्हे. सरावात चुकलं तर क्वायर हसते आणि पुढे जाते. पहिला शनिवार मुलानं नुसतं बघायचं. दुसऱ्या शनिवारी हात त्याचा, सांगणं तुमचं. गायकाला खऱ्या जोरानं गायला लावायचं, लाल दिवा लागणार नाही इतपत गेन (माईकचा मुळातला आवाज) ठेवायचा आणि बाकीचं फेडरवर. तिसऱ्या खेपेला तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. शिट्टी आली तर मास्टर, म्हणजे सगळाच आवाज, खाली ओढायचा नाही, ज्या माईकमुळे आली तोच जरा खाली घ्यायचा; हे त्याला एकदा मुद्दाम शिट्टी काढून दाखवा. शिट्टीची भीती घालवायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. त्यानंतरच्या रविवारी तो टेबलामागे आणि तुम्ही तिसऱ्या बाकावर. मुलीजवळ.

तो चुकेल. माना वळतील. तेव्हा तुमची मान वळता कामा नये. सुधारणा मंगळवारी, चहावर, दोघांतच. आणि पाळकसाहेबांना भेटून एक विनंती करा: साउंडबद्दल जे सांगायचं ते उपासनेनंतर तुम्हाला एकट्याला सांगावं, टेबलावरच्या मुलाला कुणी बोलू नये, असं त्यांनी मंडळीला एकदा स्पष्ट सांगावं. हे तुम्ही सांगून होणार नाही. पाळकांनीच सांगायला हवं.

आता आणखी एका गृहीताबद्दल. तुम्ही सगळीकडे ‘मुलं’ लिहिलंय, आणि मला वाटतं तुमच्या डोळ्यांसमोर पोरंच आहेत. प्रोजेक्टरचंच घ्या. गाण्याची ओळ पडद्यावर उशिरा येते, मंडळी अडखळते, ही तक्रार सगळीकडची. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला आपण तिथं बसवतो, म्हणून असं होतं. तिथं गाणं येणारं माणूस हवं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं असोत की तरुण संघाचं नवं गाणं, ध्रुवपद कितींदा घोळवणार, कुठल्या कडव्यानंतर पेटी एकटी वाजणार, हे ज्याला आतून ठाऊक आहे तोच शेवटच्या शब्दाला पान पुढे ढकलतो. तुमच्या महिला मंडळात पुस्तक न उघडता सगळी गीतं म्हणणारी एखादी मावशी असेलच. बाण दाबायला ती एका दुपारी शिकेल. गाणी मात्र आधी युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की जोडाक्षरांचा चुरा होतो, आणि मग ‘लॅपटॉप फक्त भाऊंचाच चालतो’ अशी पाळी येते.

बायकांना मशीन जमेल का, असं कमिटीत कुणी विचारलं तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावची आठवण करून द्या. मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींना छापखान्याचं काम शिकवलं. अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच हातांनी छापलं. रमाबाई 1922 साली गेल्या, संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर आलं. शिकवणारी व्यक्ती गेल्यावरही काम पुरं झालं, कारण ते अनेकींच्या हातांत उतरलं होतं.

आळीपाळीनं सेवा करण्याचंही पवित्र शास्त्रातच आहे. पहिल्या इतिहासाचा 25वा अध्याय काढून बघा. मंदिरातल्या गायक-वादकांचे चोवीस गट, प्रत्येकात बारा, एकूण 288. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि त्यात लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. तुमच्याकडे 288 नाहीत, पण सहा जण तयार झाले तरी पुरे. नियम एकच ठेवा: महिन्यात दोन रविवारांपेक्षा जास्त कुणीही टेबलामागे बसायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. दोन रविवार बाकावर. परीक्षेच्या महिन्यात दहावी-बारावीची मुलं आपणहून पाळीतून बाहेर. त्यांना ‘येऊ शकत नाही’ असा निरोप पाठवायला लागू नये.

‘मागं कळलं नाही’ आणि ‘आवाज फार होता’, या दोन तक्रारी एकाच रविवारी येतात म्हणून तुम्ही वैतागला आहात. पण दोन्ही माणसं खरं बोलत असतात. उंच छत आणि दगडी भिंती असल्या की आवाज घुमतो. तुम्ही फेडर वर केलात की शब्द वाढतात तसं घुमणंही वाढतं, आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. त्यात वय झालं की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं. स, त, क, च अशा अक्षरांची धार तिथंच असते. शेवटच्या बाकावरच्या आजीला पाळकसाहेब बोलताहेत हे ऐकू येतं, काय बोलताहेत ते कळत नाही. ती म्हणते ‘आवाज वाढव’. तिला हवी असते स्पष्टता. बोलण्याच्या माईकवर लो-कटचं बटण असेल तर दाबा, त्यानं 80-100 हर्ट्झच्या खालची घरघर जाते. माईक तोंडापासून मूठभर अंतरावर धरायला सांगा. जमलं तर मागच्या बाकांसाठी दोन छोटे स्पीकर लावा, अगदी हळू आवाजात. पुढचे मोठे स्पीकर ओरडून मागं पोचवण्यापेक्षा हे बरं. आणि तपासणी अशी करा: नव्या मुलाला पुढे उभं करून मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ वाचायला लावा, तुम्ही शेवटच्या बाकावर कागद घेऊन बसा. ओळखीचं वचन अर्धवट ऐकू आलं तरी मन ते भरून काढतं. शल्तिएल, जरुब्बाबेल, अबीहूद ही नावं कागदावर बरोबर उतरली तर आजीलाही कळेल.

डिजिटल मिक्सरचा मोह मी समजू शकते. सेटिंग साठवून ठेवता येतं, टॅबलेट घेऊन हॉलभर फिरत आवाज नीट करता येतो, हे फायदे खरे आहेत. तरी आत्ता घेऊ नका. आजच्या मिक्सरवर तीन माणसं तुमच्याशिवाय उपासना चालवू लागली की घ्या, आणि निवडताना त्या तिघांना बरोबर न्या. नाहीतर लाख-दीड लाखाची वस्तू येईल आणि ती चालवता येणारा मंडळीत पुन्हा एकच माणूस असेल. सध्या कमिटीकडे दोनच गोष्टी मागा: सेल, केबल, कनेक्टर यांसाठी अंदाजपत्रकात दरवर्षीची एक ठरलेली रक्कम, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची तपासणी. स्पीकरमधली घूं थांबावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे मी पाहिले आहेत. माईक ओठांशी धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. तुमच्या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

लाइव्हबद्दल कमिटीला एक प्रश्न विचारा: हे आपण कुणासाठी करतो? लॉकडाउनमध्ये सगळ्यांसाठी होतं. आज अंथरुणाला खिळलेली आठ-दहा माणसं आणि परगावी, आखातात गेलेली मुलं बघत असतील, तर त्यांच्यासाठी ट्रायपॉडवरचा एक फोन पुरतो. दृश्य साधं असू द्या, आवाज चांगला द्या. आवाज मिक्सरच्या वेगळ्या ऑक्समधून (जादा आउटपुटमधून) काढा, हॉलच्या स्पीकरला जाणाऱ्या मेनमधून नको. हॉलमध्ये पेटी-तबला नुसत्या कानांनीही ऐकू येतात म्हणून मेनमध्ये ते कमी ठेवलेले असतात, आणि घरी बघणाऱ्याला मग नुसता गाणाऱ्याचा कोरडा आवाज मिळतो. इंटरनेट वायरनं घ्या. आणि ज्या रविवारी माणूस नसेल त्या रविवारी लाइव्ह नाही, असं आधीच जाहीर करून टाका. त्या दिवशी लाइव्हची धडपड करण्यापेक्षा दोघांनी एखाद्या आजोबांच्या घरी जाऊन बसावं.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुम्ही ओझरतं लिहिलंय की चर्चचा लाइव्हचा चॅनेल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आहे. तो मंडळीच्या नावानं नवीन ईमेल उघडून त्यावर न्या आणि पासवर्ड सेक्रेटरींकडे बंद पाकिटात द्या. कपाटाची दुसरी किल्लीही. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. तुम्ही आजारी पडलात तर पलंगावर तुम्हाला पासवर्ड विचारायला कुणी येऊ नये.

राहिला राजीनामा. नाताळ झाल्यावर एकदम सोडलंत तर मंडळी बाहेरचा साउंडवाला बघेल. त्यात पाप नाही. कित्येक ठिकाणी ऑर्गन वाजवणाऱ्याला मानधन असतं, मग साउंडवाल्याला का नको? अंगणातल्या नाताळच्या कार्यक्रमाला तर खुशाल भाड्यानं माणूस आणा. त्याच्याशी बोलताना रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरच्या परवानगीचं आधी पक्कं करून घ्या, मध्यरात्रीची उपासना असेल तर विशेषच. पण दर रविवारसाठी बाहेरचा माणूस आला की तुमची दोन उरलेली मुलंही घरी बसतील, आणि ‘सेवा म्हणजे मोडेपर्यंत करायची, मग सोडायची’ एवढंच तुमच्याकडून शिकतील. उलट आहे तसंच चालू ठेवलंत तर तुमची मुलगी बारा वर्षांची होईल. म्हणून कमिटीला आत्ताच पत्र द्या: ईस्टरनंतर मी महिन्यात दोनच रविवार टेबलामागे बसेन, आणि तोवर चार माणसं तयार करीन. तारीख घाला. ‘बघू’ वर ठेवलंत तर होणार नाही. त्याच पत्रात आणखी मागा: संडे स्कूलच्या शिक्षकांना जसं वर्षाच्या सुरुवातीला पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, तशी या मुलामुलींसाठीही करावी. सगळ्यांची तोंडं वेदीकडे असताना ही माणसं सगळ्यांच्या पाठीमागे काम करतात. वर्षातून एकदा तरी मंडळीनं त्यांचे चेहरे बघावेत.

गेलेल्या पाच जणांना फोनही करा. ग्रुपवर मेसेज नको, एकेकाला फोन. ‘मी तुला मिक्सरला हात लावू दिला नाही, ते चुकलं. शनिवारी ये, शिकवतो.’ पाचातले तीन येणार नाहीत. दोन येतील, आणि त्यांतला एक कदाचित बहिणीला घेऊन येईल.

नाताळपर्यंत नऊ रविवार आहेत. जानेवारीत मला पुन्हा लिहा. मिक्सरचं काय झालं ते सावकाश कळवा. आधी एवढंच लिहा, की शेजारी मुलीला घेऊन बसलात त्या रविवारी पाळकसाहेबांनी कुठल्या वचनावर उपदेश केला.